ताई ची शिकायचीय? घराणी कशी ओळखायची आणि गुडघे कसे वाचवायचे

घरी पहिल्यांदा सांगितलं की मी ताई ची शिकतेय, तर सासूबाई म्हणाल्या, "कोणाच्या ताईची, आणि काय शिकतेयस?" त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे त्याला "ताईचं" असंच म्हणायचे, म्हणजे "आज ताईचं आहे का तुझं, मग भाजी आणशील ना येताना" वगैरे. असो. आता शिकायला लागून बरीच वर्षं झालीयत, पहिली तीन पुण्यात, मग नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे दोन शांघायमध्ये, आणि आता परत पुण्यात. ओळखीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला विचारतंच की क्लास कुठला लावू, कुठली स्टाइल चांगली, अमुक सर स्वतःला विसाव्या पिढीचे म्हणवतात ते खरं का. प्रत्येकीला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहितेय, लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी नावाचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. यातलं "ची" म्हणजे ती प्राणशक्ती-बिक्तीवाली "ची" नाही, चिनीत ती दोन वेगळी अक्षरं आहेत. पूर्ण नाव ताईजीच्वान. ताईजी म्हणजे यिन-यांगवाली ती परम टोकाची कल्पना, काळ्या-पांढऱ्या माशांचं चित्र असतं ना ती, आणि च्वान म्हणजे मूठ. म्हणजे ही मुठीची विद्या आहे, मारामारीची. बागेत आजी-आजोबा हळूहळू हात फिरवतात ते तिचं एक रूप, आणि त्या हळू फिरणाऱ्या हातांत ढकलणं, खेचणं, सांधा अडकवणं, कोपर मारणं हे सगळं दडलेलं आहे. हे ज्या शिक्षकाला माहीतच नाही तो तुम्हाला फार तर छान व्यायाम शिकवेल. तेवढंच हवं असेल तर काहीच हरकत नाही हां, फक्त मग त्याच्या वंशावळीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

शिकायचं कशासाठी ते आधी ठरवा. तोल सुधारायचाय, सकाळी तासभर अंग हलवायचंय, तर 24 मुद्रांचा छोटा फॉर्म, म्हणजे ओळीने करायच्या ठरलेल्या हालचालींची साखळी, भरपूर झाला. हा 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने बसवला, यांग घराण्याच्या लांब फॉर्मची काटछाट करून, की जेणेकरून साध्या माणसाला पटकन शिकता यावा. पाच-सहा मिनिटांत होतो आणि जगभर सगळीकडे हाच चालतो. मारामारीचं अंग समजून घ्यायचं असेल तर मात्र कुठल्यातरी एका घराण्यात शिरावं लागतं, आणि मग काही वर्षं तिथून हलायचं नाही.

मी मुद्दाम घराणं म्हणतेय. आपल्याला संगीतामुळे ही भानगड आयती कळते. सवाई गंधर्वांकडे भीमसेनही शिकले आणि गंगूबाईही शिकल्या, दोघं किराण्याचेच, पण डोळे मिटून ऐकलं तरी कोण गातंय ते कळतं. ताई चीत अगदी तसंच आहे, एकाच गुरूचे दोन शिष्य शेजारी उभे केले तर नवख्या माणसाला वाटेल दोन वेगळ्या विद्या आहेत. त्यामुळे "खरी ताई ची कुठली" या प्रश्नात वेळ घालवू नका. समोरचा माणूस कुठून आला आणि येताना वाटेत काय बदललं, हे विचारा.

तर गोष्ट सुरू होते हनान प्रांतात, वन तालुक्यातल्या चेनजियागो नावाच्या गावात, पीत नदीच्या उत्तरेला. चेन आडनावाच्या लोकांचं गाव. सतराव्या शतकात तिथे चेन वांगथिंग नावाचा माणूस होता, मिंग राजवटीत लष्करी पेशातला, राजवट बुडाल्यावर गावी परतून त्याने मुठीच्या कवायती बसवल्या. 1930 च्या सुमारास थांग हाओ नावाच्या अभ्यासकाने गावात जाऊन कागदपत्रं बघितली आणि हे मांडलं. मिंग काळातल्या छी जीग्वांग नावाच्या सेनापतीने सैनिकांसाठी 32 मुद्रा लिहून ठेवल्या होत्या, त्यातली पुष्कळ नावं चेन घराण्यात जशीच्या तशी सापडतात, म्हणजे सगळं काही आकाशातून पडलेलं नाही, त्या काळात सैन्यात आणि गावोगावी जे चालत होतं त्यातूनच घेतलंय.

दुसरी गोष्ट तुम्हाला क्लासमध्ये नक्की ऐकवतील ती म्हणजे वूदांग पर्वतावरचा ताओवादी साधू झांग सानफंग, त्याने साप आणि पक्ष्याची झुंज बघितली आणि ताई ची सुचली. गोड गोष्ट आहे. पण हा साधू आणि मुठीची विद्या यांचा संबंध पहिल्यांदा दिसतो तो 1669 सालच्या एका समाधिलेखात, म्हणजे साधू होऊन गेल्यावर काही शतकांनी, आणि त्यातही ताई चीचं नाव नाही. आपल्याकडे जो मेसेज फिरतो ना, की बोधिधर्माने भारतातून जाऊन शाओलिनला कुंग फू शिकवलं, त्याचंही थोडंफार असंच आहे, ज्या पोथीच्या आधारावर तो उभा आहे ती सतराव्या शतकातली निघते आणि बोधिधर्म त्याच्या हजार-अकराशे वर्षं आधीचा. क्लासमध्ये हे बोलून वाद घालू नका, मी एकदा घातला होता, पुढचे तीन आठवडे मला कोपऱ्यात उभं केलं होतं. ऐकून घ्यायचं आणि पाय नीट ठेवायचे.

आता मुख्य माणूस, यांग लूछान, जन्म 1799, हबेई प्रांतातल्या योंगनियनचा गरीब घरचा मुलगा. हा चेनजियागोला एका श्रीमंत चेन घरात कामाला होता आणि तिथे चेन छांगशिंग शिकवायचे, 1771 ते 1853, ते इतके ताठ उभे राहायचे की लोक त्यांना देवघरातल्या पितरांच्या पाटीची उपमा द्यायचे. यांगने भिंतीच्या भोकातून बघून विद्या चोरली अशी दंतकथा आहे, आणि एकलव्याच्या देशातल्या माणसाला ती लगेच आवडते. खरं काय असेल ते असो, घराबाहेरच्या माणसाला गावची विद्या मिळाली हे नक्की. पुढे तो बेजिंगला गेला, राजघराण्यातल्या लोकांना आणि राजाच्या पहारेकऱ्यांना शिकवलं, "अजिंक्य यांग" हे बिरुद मिळालं, 1872 मध्ये वारला. आज बागेत जे दिसतं त्यातलं बहुतेक सगळं या एका माणसातून फुटलेलं आहे.

फांद्या कशा फुटल्या हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही शिक्षकाची पाटी वाचता येते, म्हणून जरा सावकाश सांगते.

यांगच्याच गावचा वू यूशियांग, खाऊनपिऊन सुखी घरातला, आधी यांगकडे शिकला आणि मग चेनजियागोच्या शेजारच्या झाओबाओ गावात चेन छिंगफिंग यांच्याकडे गेला. त्याच्याकडून भाचा ली यीयू, त्याच्याकडून हाओ वेइझेन. हे झालं वू घराणं, पण थांबा, दुसरं एक वू घराणंही आहे! चिनीत अक्षरं वेगळी, स्वर वेगळा, आपल्या कानाला आणि देवनागरीत दोन्ही वूच. म्हणून पहिल्याला लोक वू-हाओ म्हणतात. दुसरं वू आलं छ्वानयो या मांचू शिपायाकडून, तो बेजिंगला यांग लूछानच्या हाताखाली शिकला, आणि त्याचा मुलगा वू जियानछ्वान, 1870 ते 1942, याने ते नावारूपाला आणलं. कोणी नुसतं "मी वू स्टाइल शिकवतो" म्हटलं तर पहिला प्रश्न हाच की कुठलं वू. उत्तर देताना गडबडला तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

छ्वानयोची एक गंमत आहे. शिकला थोरल्या यांगकडे, पण रीतसर शिष्य झाला तो त्याच्या मुलाचा, यांग बानहोचा. कारण असं सांगतात की यांग लूछानचे शिष्य राजपुत्र होते, आणि साधा शिपाई त्यांचा गुरुबंधू कसा होणार, म्हणून त्याला एक पायरी खाली उतरवलं. वंशावळ वाचताना हे कायम लक्षात ठेवा, कागदावरचा गुरू आणि प्रत्यक्ष हात धरून शिकवणारा माणूस एकच असेल असं नाही.

पाचवं घराणं सुन. सुन लूथांग हा शिंगयी आणि बाग्वा या दुसऱ्या दोन विद्यांमध्ये आधीच मोठं नाव होता. हाओ वेइझेन बेजिंगला आले असताना आजारी पडले, सुनने त्यांची सेवा केली, आणि बरे झाल्यावर हाओंनी त्याला ताई ची शिकवली, तेव्हा सुन पन्नाशीचा होता. त्यामुळे सुन घराण्यात उभं राहणं उंच, पावलं चपळ, एक पाय पुढे गेला की दुसरा लगेच मागोमाग येतो. ज्यांना खाली बसणं झेपत नाही त्यांना हे मानवतं, पण आपल्याकडे याचा शिक्षक मिळणं कठीण.

चेन, यांग, वू-हाओ, वू, सुन, ही झाली पाच. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने ताई चीला वारशाच्या यादीत घेतलं, त्यानंतर तर चेनजियागोला पर्यटकच पर्यटक.

पण नुसत्या झाडाने भागत नाही, वाटेत काय बदललं तेही बघायला लागतं, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. यांग लूछानचे दोन नातू घ्या. थोरला यांग शाओहो आखूड, वेगवान, तापट हालचाली करायचा आणि शिकवताना शिष्यांना खरोखर हाणायचा, त्यामुळे टिकले थोडेच. धाकटा यांग छंगफू, 1883 ते 1936, धिप्पाड माणूस, त्याने उड्या आणि झटके काढून सगळं मोठं, सलग, एका लयीत केलं, बेजिंगमध्ये आणि 1928 नंतर शांघायमध्ये ढिगाने लोकांना शिकवलं. आज आपण ज्याला यांग म्हणतो ते या धाकट्याचं. म्हणजे एकच आजोबा, एकच बाप, आणि दोन भावांचे फॉर्म बघितले तर ओळख पटणार नाही. याच 1928 मध्ये चेन घराण्याचे चेन फाखे गावातून बेजिंगला आले, आणि त्यांचं पाय आपटणं, एकदम झटका देऊन जोर काढणं, मध्येच सापासारखं वळणं बघून लोक म्हणाले म्हणे की ही कसली ताई ची. तोपर्यंत शहराच्या डोळ्यांना यांगची सवय झाली होती ना, मूळ गावचं रूप बघितल्यावर तेच परकं वाटायला लागलं.

चेनच्याच बाबतीत पुढचं एक सांगून हा भाग संपवते. फाखेंचे पुतणे चेन झाओपी 1958 मध्ये गावी परतले तेव्हा गावात विद्या जवळजवळ बंद पडली होती. त्यांनी पोरांना जमवून शिकवायला सुरुवात केली, सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसला, तरी शिकवलं, 1972 मध्ये गेले. मग फाखेंचे चिरंजीव चेन झाओख्वेइ बेजिंगहून येऊन त्याच पोरांना शिकवायला लागले, पण वडलांचा उतारवयातला फॉर्म. म्हणून चेनमध्ये "जुनी चौकट" आणि "नवी चौकट" असे दोन प्रकार आहेत, लाओजिया आणि शिनजिया, आणि चेन श्याओवांगसारख्या आजच्या मोठ्या नावांनी दोन्ही शिकलेत. तुमचे सर चेनवाले असतील तर विचारा, जुनी की नवी.

आणि हो, पिढीचा आकडा! "मी विसाव्या पिढीचा" असं ऐकून भारावून जाऊ नका. चेन लोक पिढी मोजतात ती चेन बूपासून, 1372 च्या सुमारास शानशीतून स्थलांतर करून आलेला मूळ पुरुष. वांगथिंग त्यात नववा. वांगथिंगपासून मोजलं तर हाच विसावा माणूस बारावा होतो. यांगवाले यांग लूछानला पहिला धरतात, म्हणून त्यांच्याकडे पाचवी-सहावी पिढी म्हणजेच आजची माणसं. आकडा मोठा म्हणजे माणूस मोठा असं काही नसतं, आकडा कुठून मोजलाय तेवढं विचारा.

आता क्लास कसा निवडायचा, आणि इथे माझं रडगाणं ऐका. पुण्यातला माझा पहिला क्लास मी भिंत बघून निवडला होता. फ्रेम केलेलं चिनी अक्षरांचं प्रमाणपत्र, लाल शिक्का, खाली गुरूंच्या गुरूंचे फोटो ओळीने. कोणाला चिनी येत होतं? शिक्षक पुढे उभं राहून करायचे, आम्ही पंचवीस जण मागून नक्कल करायचो, आणि ओरडा एकच, "अजून खाली, अजून खाली!" मी गेले खाली. गुडघा आत वळतोय, सगळं वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतंय, हे मला कोणी सांगितलं नाही कारण कोणी जवळ येऊन बघितलंच नाही. आठव्या महिन्यात जिना उतरताना हुळहुळायला लागलं, मग सूज, मग ऑर्थोकडे चकरा, चार महिने सगळं बंद. त्या फ्रेमचा फोटो नंतर शांघायमध्ये एका मैत्रिणीला दाखवला तर ती म्हणाली की हे दहा दिवसांच्या शिबिराला हजर राहिल्याचं पत्र आहे.

म्हणून आता मी ट्रायलला गेले की भिंतीकडे बघत नाही, शिक्षकाच्या हाताकडे बघते. म्हणजे तो विद्यार्थ्याजवळ जातो का, परवानगी विचारून खांदा, कोपर, कंबर हाताने जागेवर आणतो का, आणि आणल्यावर त्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर "अरेच्चा" असं काही उमटतं का. मग जुन्या विद्यार्थ्यांना हळूच विचारते की तुमचे गुडघे कसे आहेत. हसू नका, यापेक्षा चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही. दहा वर्षं शिकलेले लोक पायऱ्या उतरताना कठडा धरत असतील तर काय ते समजा.

शिक्षकाला थेट विचारायलाही लाजू नका. तुम्ही कोणाकडे शिकलात, किती वर्षं, समोरासमोर की शिबिरांतून, आणि अजून शिकायला जाता का? चांगला माणूस यावर चिडत नाही, उलट गप्पा मारत बसतो. माझे आताचे सर सरळ म्हणाले, "मी सरकारी 24 आणि 42 मुद्रांच्या फॉर्मवाला, वुशूच्या कोचकडून शिकलो, घराण्याचा नाही, पुश हँड्स थोडंफार येतं." (वुशू म्हणजे चिनी मारामारीच्या विद्यांचा स्पर्धेतला खेळ, आणि पुश हँड्स म्हणजे जोडीने हात टेकवून करायचा सराव, त्याचं पुढे सांगते.) मला तो माणूस तिथेच पटला. मुद्रांचं नाव घेऊन "ही कशासाठी, समोरच्याने हात धरला तर काय" हेही एकदा विचारा, आणि शब्दांत उत्तर देतो की तुमचा हात धरून दाखवतो ते बघा. हात न लावता माणसं उडवणारे, लांबून "ची" फेकणारे दिसले तर चप्पल घाला आणि निघा. 2017 च्या एप्रिलमध्ये छंगदूला शू श्याओदोंग नावाच्या एमएमएवाल्याने, म्हणजे ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालतं त्या खेळातल्या माणसाने, वेइ लेइ या स्वयंघोषित ताई ची मास्टरला अर्ध्या मिनिटाच्या आत आडवं केलं, तो व्हिडिओ सगळ्या चीनने बघितला आणि बरीच दुकानं त्यानंतर गपगार झाली.

बरं, क्लास लागला. पहिले तीन महिने काय करायचं? उभं राहायचं. खरंच. चिनीत याला झान झुआंग म्हणतात, खांबासारखं उभं राहणं. पाय खांद्याइतके लांब, पंजे समोर समांतर, गुडघ्याचं कुलूप उघडं, म्हणजे वाकवायचे नाहीत, फक्त ताठ ठेवायचे नाहीत. माकडहाड खाली सोडायचं, उंच स्टुलावर टेकता टेकता थांबलोय तसं. डोक्याच्या मध्यावर शेंडीला कोणी दोरी बांधून वर धरलीय असं समजायचं, हनुवटी आपोआप किंचित आत येते. हात छातीसमोर, मोठा हंडा कवटाळल्यासारखे, पण खांदे खाली आणि कोपरं जड. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत मांड्या थरथरतील, आणि लक्षात येईल की खांदे कानापर्यंत गेलेत, ते खाली सोडले की पोट आवळलं जातं, पोट सोडलं की परत खांदे वर. हेच चालू राहतं. पाच मिनिटांवरून वीसवर यायला मला पाच महिने लागले.

मग चालणं, आणि इथेच गुडघा वाचतो, म्हणून जवळून सांगते. जुन्या ग्रंथांत म्हटलंय मांजरासारखं चाला. करून बघा आत्ता, घरातल्या फरशीवर, अनवाणी. सगळं वजन डाव्या पायावर घ्या. उजवा पाय पुढे न्या आणि टाच फरशीला नुसती लावा, वजन शून्य, इतकं शून्य की खाली खेळण्यातली गाडी आली तर टाच तशीच परत उचलता आली पाहिजे आणि वरचं अंग हललं नाही पाहिजे. आलं? नाही येणार पहिल्यांदा, आपण सगळे पडत पडतच चालतो, पुढचा पाय येऊन सावरतो एवढंच. टाच लागली, मग तळवा, मग बोटं, आणि त्यानंतर वजन पुढे सरकवा, हळू, मडक्यातलं पाणी दुसऱ्या मडक्यात ओततो तसं. पुढचा गुडघा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत, त्याच्या आत नाही, बाहेर नाही, बोटांच्या पुढे तर नाहीच. आणि वळायचं असेल तर वळण जांघेच्या सांध्यातून, त्याला चिनीत क्वा म्हणतात. पॅंटच्या पुढच्या खिशाची शिवण असते ना, तिथे घडी पडली पाहिजे. ती घडी पडत नसेल तर वळण गुडघ्यातून येतंय, आणि गुडघा हा बिजागरीसारखा, तो मागेपुढे जातो, गोल फिरण्यासाठी केलेला नाही. मला हे वाक्य पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर ऑर्थोचे पैसे वाचले असते.

बूट पातळ, सपाट तळाचे. जाड फोमवाले रनिंग शूज घालून येऊ नका, खाली काय चाललंय ते पायाला कळतच नाही.

फॉर्म आठवड्याला एक-दोन मुद्रा याच वेगाने शिका. 24 मुद्रा पाठ व्हायला तीन-चार महिने, त्यानंतर खरं शिकणं सुरू, कारण पाठ झाल्यावरच सर दुरुस्त्या काढायला लागतात. चेनवाले असाल तर पहिला फॉर्म सत्तरच्या वर मुद्रांचा, त्याला वर्ष सहज जातं, दुसरा तोफांच्या माऱ्यासारखा आहे, त्याची घाई करू नका. यूट्यूब आठवण्यासाठी ठीक, शिकण्यासाठी नाही, कारण व्हिडिओ तुमचा गुडघा बघत नाही. आणि एका वेळी एकाच घराण्याचे व्हिडिओ बघा. हे का, ते माझ्यावर शांघायमध्ये बेतलं.

शांघाय म्हणजे वू जियानछ्वानच्या वू घराण्याचं गाव, त्याने 1935 मध्ये तिथे आपली संस्था काढली आणि त्याचे जावई मा युएलियांग अगदी नव्वदी ओलांडून तिथेच होते. मी फूशिंग पार्कमध्ये सकाळी जायला लागले, पुण्याची यांगवाली सरळ पाठ घेऊन. तिथल्या आजोबांनी, बनियन आणि कॉटनची पॅंट, मला बघितलं आणि पाठीवर हात ठेवून पुढे झुकवलं. मी परत सरळ. त्यांनी परत झुकवलं. मला वाटलं यांना काही येत नाही, कारण पुण्यात झुकलं की ओरडा बसायचा! मग त्यांनी स्वतः करून दाखवलं, मागच्या टाचेपासून डोक्यापर्यंत एक तिरकी सरळ रेष, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी. वू घराण्यात पुढे जाताना असंच असतं, पाठ सरळच आहे, फक्त तिरकी सरळ. म्हणजे एका घरची चूक दुसऱ्या घरचा नियम. तेव्हापासून दुसऱ्या क्लासच्या लोकांना बघून "त्यांचं चुकतंय" म्हणायची माझी सवय गेली, आणि दोन घराण्यांची खिचडी का करू नये तेही कळलं.

त्याच आजोबांनी पुश हँड्सची पहिली चव दिली. चिनीत थुइशो, दोघांनी मनगटं टेकवून गोल फिरवायचं आणि एकमेकांचा तोल शोधायचा. मी चाळिशीची, ते ऐंशीच्या आसपास, मी म्हटलं आजोबांना लागायला नको म्हणून हळूच ढकललं. पुढे काहीच नव्हतं. जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकतो आणि ती नसते, तसं. मी पुढे गेले आणि त्यांनी दोन बोटांनी माझं कोपर धरून मला पडू दिलं नाही. हे फॉर्मच्या सहा महिन्यांनंतर तरी सुरू कराच, कारण आपण किती कडक आहोत ते एकट्याने कळत नाही. आठ जोर असतात, त्यातले पहिले चार म्हणजे पंग, ल्यू, जी, आन, फुगवून धरणं, वळवून घेणं, दाबून भिडणं, खाली-पुढे ढकलणं, यांगच्या "चिमणीची शेपटी धरा" या मुद्रेत हे चारही ओळीने येतात. तेवढी एकच मुद्रा जोडीदाराबरोबर वर्षभर घोटली तरी पुरेल. जिंकायची हौस असलेला जोडीदार मात्र टाळा, तो खांद्याने ढकलतो आणि दोघांचंही वाटोळं करतो.

आता शेवटचं, शिष्यत्व. शिकायला येणारा विद्यार्थी वेगळा आणि रीतसर स्वीकारलेला शिष्य वेगळा, त्याला थूदी म्हणतात, आणि त्या विधीला बाइशी. आपलं गंडाबंधन समजा. लेखी विनंती द्यायची, गुडघे टेकून नमस्कार, गुरूला चहा द्यायचा, त्याने तो प्यायला की तुम्ही घरचे झालात आणि वंशावळीत नाव लागलं. गुरू हा शीफू, त्यातलं एक अक्षर बापाचं आहे. तोच उच्चार दुसऱ्या अक्षराने लिहिला की कुठलाही कारागीर होतो, शांघायमध्ये टॅक्सीवाल्यालाही मी शीफूच म्हणायचे, तेव्हा कोणी स्वतःला शीफू म्हणवलं म्हणून लगेच पाया पडायला जाऊ नका. पूर्वी हे बाइशी वर्षानुवर्षं पारखून व्हायचं, आता पाच दिवसांच्या वर्कशॉपच्या शेवटच्या संध्याकाळीही होतं, फी वेगळी. मी काय करते सांगते, कोणी शिष्यत्व देऊ करत असेल तर विचारते की ते घेतल्यावर तुम्ही मला आठवड्यातून किती वेळा बघणार. उत्तर वर्षातून एकदा असेल तर तो फोटो काढायचा कार्यक्रम आहे.

फूशिंग पार्कच्या आजोबांना मी दीड वर्षाने, मोडक्यातोडक्या चिनीत, विचारलं होतं की तुमचं नाव वंशावळीत कुठे आहे. त्यांनी हात हलवला, नाही म्हणाले, ते कारखान्यात फिटर होते आणि सकाळी शिफ्टच्या आधी शिकायचे, नाव-बिव कोणी लिहिलं नाही. मग माझ्या उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, तो परत आत गेला होता.